उन्हाळ्यात कुत्र्याला गोठवलेली फळे : द्राक्षांच्या जिल्ह्यात काय द्यावे, काय देऊ नये?

कृष्णाकाठ (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी.

आमच्या घरी साडेसहा वर्षांची लॅब्राडोर कुत्री आहे. नाव सोनी, वजन ३२ किलो, आणि खाण्याच्या बाबतीत तिने आजवर कशालाही नकार दिलेला नाही. आम्ही सांगलीत विश्रामबागेच्या बाजूला राहतो. एप्रिल लागल्यापासून दुपारी पारा चाळिशीच्या आसपास असतो आणि सोनी सकाळी अकरापासून मोरीच्या ओल्या फरशीवर पोट टेकून पडलेली असते. गेल्या रविवारी कलिंगड कापले, तेव्हा माझ्या मुलाने बिया काढून त्याच्या लहान फोडी बर्फाच्या ट्रेमध्ये भरल्या, फ्रीजरमध्ये ठेवल्या आणि दुपारी तिला एकेक करून दिल्या. पहिली फोड तिने तीनदा तोंडातून खाली टाकली, पंजाने ढकलून पाहिली, आणि एकदा चव कळल्यावर आता फ्रीजचे दार उघडल्याचा आवाज आला की ती गाढ झोपेतूनही उठून येते.

यावरून घरात दोन पक्ष पडले आहेत. सासूबाईंचे म्हणणे असे, की एवढ्या गारठ्याने मुक्या जनावराचा घसा धरेल आणि त्याला ते सांगताही येणार नाही. शेजारच्या काकांनी तर उन्हातून आलेल्या कुत्र्याला बर्फाचे पाणी पाजल्यास त्याचे पोट फुगते आणि ते दगावते, असे कुठेतरी ऐकलेले आहे.

मला खरी काळजी मात्र तिसऱ्याच गोष्टीची लागली. तासगावच्या नातेवाइकांनी हंगामातली शेवटची म्हणून सोनाका द्राक्षांची एक पेटी पाठवली होती. मुलाने तीही धुऊन, मणी सुटे करून फ्रीजरमध्ये ठेवली, कारण गोठलेले द्राक्ष आम्हा सर्वांनाच आवडते. तो सोनीकडे एक मणी टाकणार एवढ्यात मला पूर्वी कधीतरी वाचलेले अर्धवट आठवले आणि मी त्याचा हात धरला. "आई, अख्ख्या जिल्ह्यातली कुत्री द्राक्षे खातात," असे तो म्हणाला आणि माझ्यापाशी त्याला द्यायला उत्तर नव्हते. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

निवृत्त_पशुवैद्य

ताई, मुलाचा हात धरलात हे फार चांगले केलेत. बर्फाविषयी नंतर लिहितो, आधी द्राक्षांचे पाहू.

द्राक्षे कुत्र्याला देऊ नयेत. ताजी नाहीत, गोठवलेली नाहीत, सोललेली नाहीत, हिरवी नाहीत आणि काळीही नाहीत. बेदाणे आणि मनुका तर मुळीच नाहीत. आपण आणि आपली मुले जे फळ ताटभर खातो, तेच कुत्र्याची मूत्रपिंडे बंद पाडू शकते. पशुवैद्यकांच्या लक्षातही ही गोष्ट उशिरा आली. मी शिकत होतो तेव्हा आम्हाला ती कोणी शिकवली नव्हती. प्राण्यांच्या विषबाधेवर सल्ला देणाऱ्या अमेरिकेतील एका केंद्राकडे द्राक्षे किंवा बेदाणे खाऊन आजारी पडलेल्या कुत्र्यांच्या नोंदी साठत गेल्या आणि २००१ च्या सुमारास त्यांची जाहीर वाच्यता झाली. कारण मात्र पुढची २० वर्षे सापडले नाही. कोणी बुरशीला दोष दिला, कोणी फवारणीच्या औषधांना. पण घरच्या अंगणातल्या, फवारणी न केलेल्या वेलीची द्राक्षे खाऊनही कुत्री आजारी पडत होती.

२०२१ मध्ये त्याच केंद्रातील विषतज्ज्ञांनी टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवले. त्याला निमित्त झाले एका कुत्र्याचे. मुलांना खेळण्यासाठी घरी मळलेला पिठाचा गोळा त्याने गिळला. त्यात क्रीम ऑफ टार्टर होते, म्हणजे टार्टारिक आम्लाचाच क्षार. आणि त्याची मूत्रपिंडे अगदी द्राक्षे खाल्लेल्या कुत्र्यासारखी बिघडली. बहुतेक फळांत हे आम्ल नगण्य असते, द्राक्षांत मात्र ते भरपूर असते. माणसाच्या आतड्यातच त्याचा बराचसा भाग मोडला जातो; कुत्र्याच्या शरीरात ते मूत्रपिंडापर्यंत पोहोचते आणि तिथल्या सूक्ष्म नलिकांना इजा करते, असे आज मानले जाते. गोठवण्याने त्यात काहीही फरक पडत नाही. पाण्याचा बर्फ होतो, आम्ल जिथल्या तिथे राहते.

आता तुम्ही न विचारलेली एक गोष्ट सांगतो, कारण ऋतूच तिचा आहे. टार्टारिक आम्ल ठासून भरलेला दुसरा पदार्थ म्हणजे चिंच. चिंच खाऊन कुत्र्यांची मूत्रपिंडे बिघडल्याच्या घटनांचीही शास्त्रीय नोंद झालेली आहे. या दिवसांत घरोघरी वर्षाची चिंच फोडून अंगणात वाळत घातलेली असते आणि राखणीला कुत्रे बसवलेले असते. बहुतेक कुत्री आंबट वासाने दूर राहतात, पण गूळ घातलेल्या चिंचेच्या गोळ्यांपासून तुमची लॅब्राडोर दूर राहील, अशी खात्री मी देणार नाही.

बेदाणाशेड

डॉक्टरसाहेबांचा पूर्ण आदर ठेवून लिहितो. माझी तासगाव तालुक्यात बाग आहे आणि वीस-बावीस वर्षांपासून स्वतःची बेदाणा शेड आहे. फेब्रुवारी ते एप्रिल आमच्याकडे रॅकवर माल असतो. द्राक्षे पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवून जाळीवर पसरली, की बारा ते पंधरा दिवसांत बेदाणा तयार होतो. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो. या काळात रॅकखाली मणी पडतात, झटकताना बेदाणा उडतो, आणि शेडवरची तीन-चार गावठी कुत्री तिथेच वावरत असतात. बागेतही विरळणीचे मणी, गळालेले मणी जमिनीवर पडतातच. माझ्या डोळ्यांदेखत या कुत्र्यांनी ते खाल्लेले आहेत आणि त्यांतले एकही कुत्रे त्यामुळे मेल्याचे मी पाहिलेले नाही.

सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, हजारो घरांची चूल त्यावर पेटते. तेव्हा परदेशातल्या नोंदींवरून आपल्या मालाला विष म्हणण्याआधी थोडा विचार व्हावा, एवढेच माझे म्हणणे आहे.

निवृत्त_पशुवैद्य

आपल्या मालाला कोणीही विष म्हटलेले नाही. माझ्या घरातल्या शिऱ्यातही तासगावचाच बेदाणा असतो. चॉकलेट आणि कांदा हेही माणसाला चालतात आणि कुत्र्याला बाधतात, म्हणून कोणी कांद्याची बदनामी झाली असे म्हणत नाही.

आपण डोळ्यांनी पाहिलेले खोटे नाही आणि हीच या विषबाधेची मोठी अडचण आहे. काही कुत्री ओंजळभर द्राक्षे खाऊन धडधाकट राहतात आणि काही थोड्याशा मण्यांनी अंथरूण धरतात. टार्टारिक आम्लाचे प्रमाण द्राक्षाच्या जातीप्रमाणे, पिकण्याच्या अवस्थेप्रमाणे आणि जमीन-हवामानाप्रमाणे बदलते; कच्च्या मण्यात ते जास्त, पूर्ण पिकलेल्यात कमी. त्यामुळे 'दहा किलोच्या कुत्र्याला इतके मणी चालतात' असा सुरक्षित आकडा आजवर कोणालाही ठरवता आलेला नाही. तुमच्याच हिशेबाने चार किलोंचा एक किलो होत असेल, तर पाणी उडून जाते आणि आम्ल मागे राहते. मूठभर बेदाणा म्हणजे पोटात ओंजळीपेक्षा जास्त द्राक्षे गेली, असे समजावे.

दुसरे असे, की शेडवरचे कुत्रे आजारी पडले तर त्याचे रक्त कोण तपासते? मूत्रपिंड बंद पडलेले जनावर पहिल्या दिवशी ओकते, मग खाणे सोडते, आणि दोन-तीन दिवसांनी एखाद्या उसाच्या फडात जाऊन पडते. आपण म्हणतो, साप चावला असेल, गाडीखाली आले असेल. चाळीस वर्षांत अशी कित्येक कुत्री माझ्याही नजरेसमोरून गेली असतील आणि त्या वेळी मीही तेच म्हटले असेल.

हरिपूरची_लेक

आमच्यावर बेतलेली गोष्ट इथे लिहिणे मला आवश्यक वाटते.

आमच्याकडे सात किलोचा पोमेरियन आहे. तीन वर्षांपूर्वी घरी सत्यनारायण होता. प्रसादाच्या शिऱ्यासाठी आणलेली बेदाण्याची पिशवी मी ओट्याच्या कडेला ठेवली आणि आरतीसाठी बाहेर आले. परत येऊन पाहते तो पिशवी जमिनीवर फाटलेली आणि हा तिच्याशेजारी शेपूट हलवत बसलेला. किती खाल्ले ते कळायला मार्ग नव्हता. अर्धा पाव तरी कमी होता. पाहुण्यांपैकी सर्वांचे एकमत होते, की काजू-बेदाण्याने कोणाला काय होते, उलट ताकदच येईल. मीही तसेच मानले. पहाटे तीनच्या सुमारास तो ओकला आणि त्या ओकारीत बेदाणे फुगून पुन्हा द्राक्षांएवढे झालेले दिसले. ते दृश्य मी अजून विसरलेले नाही.

सकाळी दवाखान्यात नेले. ते खाल्ल्यावर लगेच आणले असते तर इंजेक्शनने उलटी करवून पोट रिकामे करता आले असते, आता रक्तवाहिनीतून सलाईन देऊन मूत्रपिंडे चालू ठेवणे एवढेच हाती आहे, असे डॉक्टरांनी सांगितले. तीन दिवस सकाळ-संध्याकाळ सलाईन, रोज क्रिएटिनिनची (मूत्रपिंडे नीट काम करत नसली की रक्तात वाढणाऱ्या घटकाची) तपासणी, आणि तो लघवी करतो की नाही यावर घरातल्या सर्वांचे डोळे. दुसऱ्या दिवशी क्रिएटिनिन वाढले, तिसऱ्या दिवशी स्थिर राहिले, मग हळूहळू उतरले. तो वाचला. आज तो दहा वर्षांचा आहे आणि दर सहा महिन्यांनी आम्ही त्याची तपासणी करून घेतो. शिऱ्यात आता मी फक्त केळे घालते.

निवृत्त_पशुवैद्य

हरिपूरच्या ताईंच्या अनुभवाला थोडी पुस्ती जोडतो. खाल्ल्यापासून साधारण दोन तासांच्या आत पशुवैद्यकाकडे पोहोचणे सर्वांत हिताचे, पण उशीर झाला म्हणून जाणे टाळू नये, कारण बेदाणे पोटात बराच वेळ राहतात. घरी मिठाचे पाणी पाजून उलटी करवण्याचा जुना उपाय कृपया कोणी करू नये. उलटी झाली नाही तर ते मीठच जिवावर बेतते. रक्ततपासणी एकदाच करून भागत नाही, कारण क्रिएटिनिन वाढायला एक ते तीन दिवस लागतात. पहिल्या दिवशीचा अहवाल चांगला आला म्हणून घरी नेलेली कुत्री चौथ्या दिवशी परत आलेली मी पाहिली आहेत.

वाईकर

साताऱ्याच्या बाजूने हजेरी लावतो. आमच्याकडे महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी असल्यामुळे आम्ही या बाबतीत नशीबवान आहोत, असे हा धागा वाचून प्रथमच वाटले. स्ट्रॉबेरी कुत्र्याला चालते, बी-साल काढण्याची कटकट नाही, फक्त देठाची हिरवी टोपी काढायची. मार्चअखेर हंगाम उतरताना मऊ पडलेला माल स्वस्त मिळतो. मी तो धुऊन, अर्धा कापून, ताटात सुटा सुटा गोठवतो आणि मग पिशवीत भरतो. एकदम पिशवीत भरला तर त्याचा दगड होतो आणि फोडायला बत्ता लागतो.

दोन सूचना. एक, धुताना हयगय करू नये, कारण स्ट्रॉबेरीवर फवारणी होते आणि तिला सोलता येत नाही. दोन, क्रश, जॅम किंवा पाकातली स्ट्रॉबेरी म्हणजे निव्वळ साखर. ती देऊ नये. साखर नको म्हणून कोणी मधुमेहींसाठीचे बिनसाखरेचे आइस्क्रीम देत असेल, तर ते त्याहून वाईट. त्यात झायलिटॉल हा साखरेऐवजी वापरला जाणारा गोड पदार्थ असू शकतो आणि तो कुत्र्याच्या रक्तातली साखर एकाएकी खाली आणतो, पुढे यकृतही निकामी करतो. डब्यावरची बारीक अक्षरे वाचावीत.

प्रसंग गंभीर असेल तर शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे, हे सातारकरांनी लक्षात ठेवावे.

मिरज_जंक्शन

आंब्याविषयी कोणीच लिहिले नाही, म्हणून थोडक्यात लिहितो. आंब्याचा गर चालतो, साल आणि कोय चालत नाही. साल चिवट असते आणि चिकाने काही कुत्र्यांच्या तोंडाला खाज सुटते. खरा धोका कोयीचा आहे. आमच्या गावठी कुत्र्याने मुलांनी अंगणात चोखून टाकलेली रायवळ आंब्याची कोय गिळली. चार दिवस तो खाल्लेले सर्व ओकत होता, शौचाला होत नव्हते. शेवटी पोट उघडून ती आतड्यातून काढावी लागली. बाहेर आलेली कोय माझ्या अंगठ्यापेक्षा थोडीशी मोठी होती. आमरसाच्या दिवशी कोयींचे भांडे झाकून ठेवावे आणि मुलांना कोय कुंपणाबाहेर नव्हे, तर कचऱ्याच्या डब्यात टाकायला लावावी. कुंपणाबाहेरही कुत्री असतातच.

हाच नियम जांभळाच्या आणि फणसाच्या बियांना लावावा. चिकूची बी तर टोकाला आकड्यासारखी असते. सफरचंद द्यायचे असेल तर मधला बियांचा भाग काढून द्यावे.

निवृत्त_पशुवैद्य

आता बर्फाकडे येतो.

तापलेल्या कुत्र्याला बर्फाचे पाणी दिल्याने पोट फुगून मृत्यू येतो, ही समजूत निराधार आहे. जठर हवेने फुगून पिळ पडण्याचा जीवघेणा विकार आहे हे खरे, पण तो खोल आणि अरुंद छातीच्या मोठ्या कुत्र्यांत, दिवसातून एकदाच भरपूर आणि अधाशासारखे खाणाऱ्यांत अधिक दिसतो. पाण्याच्या गारठ्याशी त्याचा संबंध आढळलेला नाही. घसा धरण्याचेही भय नाही.

तरीही गोठवलेल्या फळाबाबत सासूबाईंची शंका मी पूर्णपणे झटकून टाकणार नाही, कारण फ्रीजरमधून नुकतीच काढलेली फोड दगडासारखी कडक असते. कुत्रे ती वरच्या जबड्यातल्या कात्रीसारख्या मोठ्या दाढेखाली धरून फोडते आणि नेमकी तीच दाढ उभी चिरते. बर्फाचे खडे चावण्याची सवय असलेल्या कुत्र्यांत हे मी अनेकदा पाहिले आहे. लॅब्राडोरसारखे न चावता गिळणारे कुत्रे असेल तर घशात अडकण्याचा धोका वेगळाच. म्हणून फोड लहान करावी, फ्रीजरमधून काढून पाच-दहा मिनिटे बाहेर ठेवावी आणि बोटाने दाबल्यावर किंचित दबली की मग द्यावी. त्याहून सोपे म्हणजे कलिंगडाचा गर कुस्करून, हवे तर बिनमिठाच्या पातळ ताकात मिसळून, पसरट ताटलीत गोठवावा. कुत्रे तो चाटत बसते, गिळण्याचा प्रश्न येत नाही आणि अर्धा तास घरात शांतता राहते.

यापेक्षा महत्त्वाचे म्हणजे गोठवलेले फळ हा खाऊ आहे, उष्माघातावरचा उपचार नव्हे. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. पंज्यांच्या गादीला थोडासा येतो, बाकी सर्व उष्णता त्याला धापा टाकूनच बाहेर काढावी लागते. त्याचे नेहमीचे तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. ते १०५ च्या पुढे गेले, हिरड्या लालभडक झाल्या, लाळ घट्ट झाली आणि चाल लडखडू लागली, की त्या कुत्र्याच्या तोंडात कलिंगड कोंबत बसू नये. ते श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. सावलीत घ्यावे, नळाचे पाणी अंगावर, विशेषतः पोटावर आणि जांघेत, सतत ओतावे, पंखा लावावा आणि मगच दवाखान्यात न्यावे. आधी थंड करणे, नंतर नेणे, हा क्रम उलटा होऊ देऊ नये. ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवू नये. थोड्याच वेळात तो गरम होतो आणि आतली उष्णता अडवतो. पग, शिट्झू अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांना धापा टाकणेच नीट जमत नाही, त्यांना दुपारी घराबाहेरच काढू नये.

हिशेबी_आजोबा

किती द्यावे यावर कोणी आकडा दिला नाही, म्हणून बसल्या बसल्या हिशेब केला. मुख्य आहाराखेरीज जे काही दिले जाते ते दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या १० टक्क्यांच्या आत असावे, असा पशुवैद्यकांचा सर्वसाधारण दंडक आहे. कुत्र्याची विश्रांतीच्या अवस्थेतील गरज काढण्यासाठी त्याच्या वजनाचा तीनदा गुणाकार करावा, आलेल्या संख्येचे दोनदा वर्गमूळ काढावे आणि त्याला ७० ने गुणावे. सोनीचे ३२ किलो घेतले तर ३२ गुणिले ३२ गुणिले ३२ म्हणजे ३२,७६८. पहिले वर्गमूळ १८१, दुसरे साडेतेराच्या जवळ. ७० ने गुणल्यावर सुमारे ९४० किलोकॅलरी. घरात बसणाऱ्या प्रौढ कुत्रीसाठी त्याच्या साधारण दीडपटीहून थोडे कमी धरले तर १,३०० होतात. त्याचे १० टक्के म्हणजे १३०.

शंभर ग्रॅम कलिंगडात सुमारे ३० किलोकॅलरी, स्ट्रॉबेरीत जवळपास तितक्याच, आंब्याच्या गरात ६० आणि केळ्यात ९० असतात. म्हणजे कागदावर सोनीला ४०० ग्रॅम कलिंगड किंवा दोनशेच्या आसपास आंब्याचा गर चालतो. मात्र त्याच १३० मध्ये चहाबरोबर तिला मिळणारे बिस्कीट, भाकरीचा तुकडा आणि नातवाने गुपचूप दिलेले टोस्टही मोजायचे आहेत, हे विसरू नये. हरिपूरच्या ताईंच्या सात किलोच्या पोमेरियनला याच हिशेबाने जेमतेम ४२ किलोकॅलरी येतात. अर्धे केळे खाल्ले की त्याचा दिवसाचा खाऊ संपला.

निवृत्त_पशुवैद्य

आजोबांचा हिशेब बरोबर आहे. तरी पहिल्या दिवशी ४०० ग्रॅम कलिंगड दिलेत तर दुसऱ्या दिवशी फरशी तुम्हालाच पुसावी लागेल. तीन-चार फोडींपासून सुरुवात करून शौच पाहत पाहत वाढवावे. मधुमेह असलेल्या, पूर्वी स्वादुपिंडाला सूज येऊन गेलेल्या आणि मूत्रपिंडाचा आजार असलेल्या कुत्र्यांना स्वतःच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय फळे देऊ नयेत.

जतकर

सर्वांचे वाचले. आमच्या दुष्काळी भागात कारवान जातीची कुत्री मेंढ्यांच्या कळपामागे दिवसभर चालतात आणि त्यांना फ्रीजर माहीत नाही. त्यांना ज्वारीची भाकरी, ताक आणि भरपूर पाणी मिळते. दुपारी बाभळीच्या सावलीत ती पंज्यांनी माती उकरून खालच्या गार थरावर पोट टेकून पडतात. फळ ही कुत्र्याची गरज नाही, आपली हौस आहे. हौस करावी, त्याला माझी ना नाही, पण पाण्याचे भांडे दुपारी एकला उन्हात कढत असेल आणि तीनला आपण स्ट्रॉबेरी देत असू, तर क्रम चुकला. मातीचे रुंद पातेले सावलीत ठेवून दिवसातून तीनदा पाणी बदलणे, हे त्या सगळ्या फोडींपेक्षा जास्त उपयोगाचे आहे. दारातल्या भटक्या कुत्र्यांसाठीही तेच करावे. त्यांना गोठवलेली फळे घालण्याची गरज नाही, कारण त्यावरून त्यांची भांडणे होतात.

निवृत्त_पशुवैद्य

जतकरांशी पूर्ण सहमत आहे. फक्त ताकात मीठ किंवा लसणाची फोडणी नसावी.

मिरज_जंक्शन

एक राहिले. दुपारी दोन-दोन तास वीज जाते, फ्रीजरमधली फळे सुटतात आणि वीज आल्यावर पुन्हा गोठतात. अशी देऊ नयेत. गोठवण्याने जंतू मरत नाहीत, झोपतात. सुटल्यावर ते पुन्हा वाढू लागतात.

बेदाणाशेड

दोन दिवस विचार करून लिहितो आहे. हरिपूरच्या ताईंनी ओकारीतल्या फुगलेल्या बेदाण्यांविषयी लिहिले, ते वाचून मला गेल्या वर्षीचा आमचा काळ्या आठवला. ऐन हंगामात तो शेडच्या मागे दोनदा ओकला होता आणि त्यात फुगलेले मणी होते. मी पाहिले होते. नंतर तो दिसला नाही. बिबट्याने नेला, असे आम्ही सर्वांनी धरून चाललो होतो. कशाने गेला ते आता कळणार नाही. काल रॅकखालची जमीन झाडून घेतली आणि शेडला खालून तीन फूट शेडनेट मारली. तसाही पडलेला माल उंदरांच्याच कामाला येत होता.

कृष्णाकाठ (धागाकर्ती)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आमच्याकडे झालेले बदल कळवते.

द्राक्षे फ्रीजरच्या वरच्या खणात झाकणाच्या डब्यात गेली आहेत आणि मुलाने डब्यावर 'सोनीची नाहीत' अशी चिठ्ठी चिकटवली आहे. चिंच आमच्याकडेही व्हरांड्यातच वाळत होती आणि सोनी रोज तिच्यावरून उडी मारून बाहेर जात होती, हे निवृत्त डॉक्टरांचे लिहिणे वाचेपर्यंत कोणाच्या ध्यानातही आले नव्हते. ती आता गच्चीवर आहे. पाण्याचे स्टीलचे पातेले बदलून कुंभारवाड्यातून मातीचे आणले आणि ते मोरीच्या दाराशी सावलीत ठेवले. सोनीने पहिल्या दिवशी त्यात पाणी पिण्याऐवजी दोन्ही पुढचे पाय घालून उभे राहणे पसंत केले.

कलिंगडाचे काम सासूबाईंनी स्वतःकडे घेतले आहे. दुपारी तीनला त्या चार फोडी काढतात, प्रत्येक फोड मुठीत धरून तिचा 'गारठा मोडेपर्यंत' थांबतात आणि मगच सोनीला देतात. डॉक्टरांनी पाच-दहा मिनिटे बाहेर ठेवायला सांगितले आहे, असे मी म्हटले, तेव्हा आपण ते पहिल्या दिवसापासून सांगत होतो, असे त्यांचे उत्तर आले.